वाळवंटात झोपायचं कुठे?

सेमिस्टरचा शेवटचा पेपर व्हायच्या आधीच ट्रिपचा ग्रुप तयार होतो. गोवा तीनदा झालेलं असतं, मनाली दर वर्षी कॅन्सल होते, मग कुणीतरी टाकतं, ‘जैसलमेर करूया का?’ वांद्र्याहून जोधपूरची गाडी, तिथून पुढे पाच-सहा तास, मग किल्ला, उंट आणि वाळू. सगळ्यांचे अंगठे वर. वादावादी सुरू होते ती ‘राहायचं कुठे’ यावर. आणि ती मिटते कशी? ज्याने सगळ्यात आधी पॅकेजची लिंक टाकली, त्याचं ऐकून.

माझं म्हणणं असं की, वाळवंटाच्या बाबतीत हा निर्णय असा उरकून टाकण्यासारखा नाही. इतर ठिकाणी हॉटेल म्हणजे पाठ टेकायची सोय असते. दिवसभर भटकायचं, रात्री येऊन पडायचं. जैसलमेरला तुम्ही कुठे झोपता यावर तुम्ही काय बघणार, काय ऐकणार आणि तिथलं किती पाणी संपवणार हे ठरतं. ट्रेनचं तिकीट स्लीपरचं की थ्री एसीचं, यावर आपण चार दिवस भांडतो. त्यातला एक दिवस या प्रश्नाला दिला तरी पुष्कळ आहे.

वाळू म्हणजे वाळवंट नव्हे

आधी जागा नीट समजून घेऊ. जैसलमेरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ पसरलं आहे. तिकडे त्याला राष्ट्रीय मरू उद्यान म्हणतात. क्षेत्रफळ 3,162 चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत. अख्खी बृहन्मुंबई त्यात पाच वेळा मावेल. 1980 मध्ये हा भाग संरक्षित झाला. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याच्या भाषेत ते अभयारण्य आहे आणि त्याच्या आत गावं आहेत, गुरं आहेत, शेतं आहेत. गेट, तिकीट आणि आत वाघ अशी जी आपल्या डोक्यात ताडोबाछाप कल्पना असते, ती इथे लागू होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या एवढ्या मोठ्या उद्यानात सगळीकडे वाळूच्या टेकड्याच नाहीत. बाकी काय आहे? खडकाळ पठार, सुकलेल्या खाऱ्या तळ्यांची सपाट मैदानं, सेवण नावाच्या गवताचे माळ, केरची झुडपं आणि खेजडीची झाडं. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, सांडा हे सगळे याच ‘बोअरिंग’ दिसणाऱ्या माळावर राहतात. पण आपल्या रीलमध्ये येते ती फक्त वाळू. कारण आपण राहतो ते फक्त वाळूपाशी.

शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम आहे. वाळूच्या टेकड्या रस्त्याला लागून, म्हणून सगळे कॅम्प तिथे. रस्त्याच्या कडेने तंबूंची रांगच्या रांग. पॅकेज जवळपास सगळीकडे सारखंच: दुपारी वेलकम ड्रिंक, संध्याकाळी उंट आणि जीप, मग कल्चरल प्रोग्रॅम, बुफे, डीजे, शेकोटी. सकाळी पोहे खाऊन चेकआउट.

गेल्या जानेवारीत आम्ही वर्गातले अकरा जण गेलो होतो. दोन्ही प्रकार अनुभवायचे म्हणून एक रात्र कॅम्पमध्ये आणि दोन रात्री गावातल्या एका घरी राहिलो. कॅम्पमध्ये कमायचा वाजवणारे साठीच्या पुढचे एक मांगणियार काका होते, सोबत खरताल वाजवणारा त्यांचा नातू. तिसरं गाणं रंगात येत होतं तोच साउंडवाल्याने हात करून त्यांना थांबवलं आणि डीजे लावला. काकांनी वाद्य कापडात गुंडाळलं आणि दोघं स्वयंपाकघराच्या मागे जाऊन बसले. पुढचे तीन तास आम्ही जी गाणी ऐकली, ती आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही वाजली होती. शेजारच्या कॅम्पचा डीजे वेगळा, त्याच्या शेजारचा आणखी वेगळा. वर आकाशात तारे होते, पण फोकसच्या उजेडात ते बघणार कोण?

यात कुणी फसवलं असं नाही. जे विकत घेतलं तेच मिळालं. प्रश्न एवढाच की, तेच हवं असेल तर त्यासाठी हजार किलोमीटर जायची गरज काय? लोणावळ्याला मिळतं.

किल्ल्यातली खोली

‘कॅम्प नको, मग किल्ल्यातच राहू, काय व्ह्यू असेल!’ हा दुसरा लोकप्रिय पर्याय. मोह होणं साहजिक आहे. रावल जैसलने 1156 मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत काही हजार माणसं राहतात, देवळं आहेत, किराणा दुकानं आहेत, गल्लीत गायी आहेत. सत्यजित राय यांच्या 1974 च्या ‘सोनार केल्ला’ने तो देशभर पोचवला. 2013 मध्ये राजस्थानातल्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

पण हा किल्ला पाण्याने खचतो आहे. वाचायला विचित्र वाटतं, कारण जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. (पुण्यात सातशेच्या घरात पडतो आणि तरी आपण टँकर मागवतो.) किल्ल्याखालचा डोंगर ठिसूळ वालुकाश्माचा, त्यात मातीचे थर. पूर्वी वर पाणी न्यायचं तर डोक्यावरून न्यावं लागे, त्यामुळे ते मोजूनमापून वापरलं जायचं. नळ आले, मग पर्यटक आले, घरांची गेस्ट हाउसं झाली, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम जोडलं गेलं. सांडपाण्याची व्यवस्था त्या मानाने कमी पडली. झिरपणारं पाणी पायात मुरलं, मातीचे थर भिजले आणि भिंती-बुरुज ढासळायला लागले. 1996 मध्येच वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव घातलं होतं. म्हणजे हे सगळं आपल्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे.

आता हिशेब करा. बादली भरून अंघोळ केली तर पंधरा-वीस लिटर. दहा मिनिटं शॉवरखाली उभं राहिलं तर शंभराच्या घरात. अकरा जण, दोन रात्री. जे पाणी जैसलमेरला इंदिरा गांधी कालव्यातून लांबून आणावं लागतं, ते आपण किल्ल्याच्या पायात ओततो आणि सकाळी त्याच किल्ल्याचे फोटो ‘हेरिटेज’ हॅशटॅग लावून टाकतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. किल्ल्यातली गेस्ट हाउसं चालवणारी बरीच कुटुंबं तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. आपण राहिलो नाही तर त्यांनी खायचं काय? बरोबर आहे, आणि म्हणूनच मी ‘किल्ल्यावर बहिष्कार’ असलं काही म्हणत नाही. दिवसभर किल्ल्यात फिरा, तिथेच थाळी जेवा, तिथल्या माणसाला गाइड म्हणून घ्या, खरेदी तिथल्या दुकानातून करा. पैसे आतच राहू द्या. फक्त झोपायला आणि अंघोळीला खाली शहरात या. किल्ल्याच्या पायथ्याशी गेस्ट हाउसं आहेत, आणि खरं सांगायचं तर किल्ल्याचा व्ह्यू किल्ल्यातून दिसतच नाही. तो खालच्या गच्चीवरूनच दिसतो.

मग राहायचं कुठे?

माझं उत्तर: शहरात एक-दोन रात्री, आणि एक-दोन रात्री उद्यानाच्या परिसरातल्या एखाद्या गावात.

त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव खुरी. शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर, समपेक्षा दक्षिणेला. वाळूच्या टेकड्या इथेही आहेत, जरा लहान. पण गाव खरं आहे. मातीने सारवलेल्या, गवताने शाकारलेल्या गोल झोपड्यांत काही कुटुंबं पाहुण्यांना ठेवतात. जेवण घरचं: बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, कढी. (सांगरी म्हणजे त्या खेजडीच्याच शेंगा.) आता खुरीतही कॅम्प आले आहेत, तेव्हा ‘खुरी’ एवढं नाव वाचून बुकिंग करू नका. घर कुणाचं आहे ते विचारा.

आम्ही राहिलो त्या घरी पहिल्याच संध्याकाळी आजींनी अंगणातला टांका दाखवला. टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा जमिनीखालचा हौद. भोवतालचं अंगण सगळ्या बाजूंनी त्याच्याकडे उतरतं केलेलं असतं, म्हणून त्या अंगणात चप्पल घालून जायचं नाही. आजी काही लेक्चर द्यायला आल्या नव्हत्या. आमच्यातला एक जण बूट घालून निघाला, म्हणून त्यांनी सांगितलं, ‘बेटा, हे आमचं पिण्याचं पाणी आहे.’ पाण्यावर आम्ही सेकंड इयरला अख्खा प्रोजेक्ट केला होता. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’मध्ये टांक्यांबद्दल वाचलंही होतं. पण त्या वाक्यानंतर सकाळी अकराही जणांनी एकेका बादलीत अंघोळ उरकली, तीही कुणी न सांगता.

तिसरा पर्याय फार कमी जण विचारात घेतात: सुदासरी. हा उद्यानातला कुंपण घातलेला राखीव भाग, शहरापासून साठेक किलोमीटर. तिथे वन खात्याच्या साध्या, झोपडीवजा खोल्या आहेत. चौकशी आणि परवानगी जैसलमेरच्या वन्यजीव विभागाच्या ऑफिसात. आधी फोन करून विचारायचं, मिळतील तेव्हा मिळतील. तिथे बुफे नाही, डीजे नाही, वाय-फायचं तर नावच काढू नका. पण सकाळी दार उघडलं की समोर तो गवताचा माळ असतो, आणि त्या माळावर कदाचित तो दिसतो.

तो म्हणजे गोडावण

राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्यांचा राज्यपक्षी आहे. आपण त्याला माळढोक म्हणतो. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आमच्या वर्गातली एक जण सोलापूरची आहे. तिचे आजोबा लहानपणी माळढोकांचे थवे बघितल्याचं सांगतात. तिने स्वतः एकही पाहिलेला नाही. आता नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते.

जगभरात या पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. म्हणजे आपल्या पिढीला जंगलातला माळढोक बघायचा असेल तर त्याची खरी जागा ही एकच. 2011 पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. मादी बहुतेकदा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. माळढोक कॅम्पच्या डीजेमुळे संपत आलेला नाही. पूर्वीची शिकार, नाहीसे झालेले माळ आणि आता विजेच्या तारा ही मुख्य कारणं. पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तार जवळ आल्यावर वळणं जमत नाही. थरच्या सुमारे 4,200 चौरस किलोमीटर भागात वर्षाला सगळ्या जातींचे मिळून 84 हजार पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला. 2024 मध्ये तो बदलून तोडगा काढायला तज्ज्ञांची समिती नेमली, कारण त्या तारांतून जाते ती सौर आणि पवनऊर्जा, तीही देशाला हवीच आहे. दुसरीकडे 2019 पासून अंडी गोळा करून कृत्रिम प्रजनन सुरू आहे आणि 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं.

मग आपण कुठे झोपतो याने काय फरक पडतो? पडतो. आज तिथल्या माणसाच्या दृष्टीने पर्यटक म्हणजे वाळू आणि डीजे. गवताचा माळ, अंधार, शांतता यांना बाजारात भाव नाही. ज्या गोष्टीला भाव नाही ती राखायला गावाने का झिजायचं? शंभर टक्के पर्यटक समला जाणार असतील, तर पुढच्या माणसानेही शेत विकून तंबू टाकणंच शहाणपणाचं आहे. पण त्यातले दहा टक्के जरी ‘गवत बघायचंय, रात्र काळी हवी, पहाटे पक्षी दाखवणारा कुणी आहे का’ असं विचारत आले, तर गावातल्या एखाद्या पोराला जीप पळवण्याऐवजी पक्षी ओळखायला शिकावंसं वाटेल. आमच्यासोबत आलेला मुलगा आमच्याच वयाचा होता. शिक्षण बारावी, हातात घासलेली दुर्बीण. लांबवर उडणारं गिधाड कुठलं ते तो पंखांवरून सांगत होता. माळढोक आम्हाला दिसला नाही. पण ‘इथेच परवा होता’ असं तो म्हणाला, तेव्हा आम्ही सगळे त्या रिकाम्या माळाकडे बराच वेळ बघत उभे होतो.

‘पण बजेट?’ आणि ‘पण घरचे?’

हे दोन प्रश्न टाळून चालणार नाही. बजेटचं म्हणाल तर गावातल्या घरांच्या दरात सहसा दोन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं, आणि कॅम्पच्या स्वस्त पॅकेजमध्ये जीप, क्वाड बाइक, ‘प्रीमियम’ तंबू असं एकेक वर चढत जातं. थर्टी फर्स्टला तर दर विचारूच नका. तुलना करायचीच तर शेवटच्या बिलाची करा, लिंकवरच्या आकड्याची नको.

घरच्यांचा प्रश्न मुलींना जास्त येतो, आणि तो फालतू नाही. माझ्या आईचा पहिला प्रश्न होता, ‘दाराला आतून कडी आहे का?’ हा प्रश्न मी घरमालकांना जसाच्या तसा विचारला आणि त्यांनी कडीचा फोटो पाठवला. तंबूला चेन असते, कडी नसते, हेही या निमित्ताने आईच्या लक्षात आलं. संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, घरात बायका आहेत का, अडीअडचणीला रात्री गाडी मिळेल का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. सुदासरीसारख्या एकाकी ठिकाणी चार-पाच जणांचा ग्रुप आणि आधी ठरवलेली गाडी असेल तरच जावं. थंडीचंही लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी कापडी तंबूपेक्षा मातीची भिंत केव्हाही बरी.

आणि बुकिंग करण्याआधी, जागा कुठलीही असो, पाच प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं? मालक इथला आहे का, कामाला गावातले किती आहेत? रात्री आवाज आणि दिवे किती वाजता बंद होतात? गाणारे येणार असतील तर ते किती वेळ गाणार, त्यांना पैसे कोण देतं? कचऱ्याचं काय करता? उत्तरं परफेक्ट येतील अशी अपेक्षा नाही. पण ‘असलं आजवर कुणी विचारलं नाही’ हे उत्तर आलं, तर पुढच्या वेळी विचारणारे आणखी चार जण हवेत एवढं समजतं.

कॅम्पवर पोट असलेली पुष्कळ माणसं आहेत: उंटवाले, आचारी, ते कमायचावाले काका. ते बंद पडावेत असं मी म्हणत नाही. उलट, आपण ग्राहक आहोत तर मागणी बदलू शकतो. कॅम्पलाच जायचं ठरलं तर फोनवर सांगा, ‘डीजे नको, त्याऐवजी मांगणियारांचं गाणं दोन तास ठेवा.’ अकरा जणांचं बुकिंग हातचं जाऊ द्यायला कुणी तयार नसतं.

तेव्हा या डिसेंबरात ग्रुपवर पहिली लिंक पडली की लगेच अंगठा देऊ नका. आधी विचारा, रात्री दहानंतर तिथे काय ऐकू येतं? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर ती जागा बुक करून टाका.